डावा गाल

धनकवडीत, पत्र्याच्या खोलीत, दुपारी तीनला
गेनूभाऊ पासलकर स्टुलावर बसले,
जसे अठ्ठावीस वर्षं बसत आले होते
कात्रज–शिवाजीनगरच्या स्टिअरिंगमागे :
पाठ ताठ, मुठी मांडीवर,
नसलेलं काहीतरी घट्ट धरून.

"उजव्या बाजूनं काढ," म्हणाले,
"ती अजून ड्युटीवर आहे."

डावी, तीन वर्षांपूर्वी, दात घासताना सुटली.
पापणी अर्धी. ओठाचा कोपरा खाली.
चहा तिथूनच गळतो, रुमाल तयार असतो.

मी समोरूनच बसवलं.
कपाळाला गेरू, तो ओला असतानाच वर पिवळा.
नाकाच्या कडेनं निळा, थेट ट्यूबमधून,
गिलावा थापावा तसा.
उजव्या गालावरून लाल धावत गेला
ब्रशच्या केसांचे ओरखडे मागे टाकत.
गळ्याशी हिरवा,
कारण शेजाऱ्यांनी गच्चीवर हिरवी जाळी बांधलेली
आणि ती खिडकीतून यांच्या मानेवर उतरलेली.

डावा गाल मात्र
बारीक ब्रशनं, मिसळत, पुसत,
पाहुण्यांपुढच्या बशीसारखा गुळगुळीत केला.

पाचला शेवंतावहिनी डबा घेऊन आल्या.
"अगं बाई, हे हिरवं काय? मार बसल्यागत."

गेनूभाऊ बोलले नाहीत.
चष्मा काढून इतके जवळ गेले
की नाकाला रंग लागेल असं वाटलं,
आणि बोट न टेकवता, हवेतच, रस्ता दाखवू लागले :
"इथं सुसाट आलीस. इथं गिअर टाकलास.
इथं कुणीतरी आडवं आलं, कचकन ब्रेक."
(नाकाच्या वळणावर माझा फोन वाजला होता.)

मग डाव्या गालाशी थांबले. बराच वेळ.
"आणि इथं तू खाली उतरलीस.
गाडी ढकलत नेलीस."

वहिनींनी डब्याचं झाकण उघडलं,
पुन्हा लावलं.

मी नाइफ घेतली.
पाऊण तासाचा गाल एका ओढीत खरवडला,
वर्तमानपत्राला पुसला :
राखाडी, गुलाबी, सभ्य.

"बसा परत."
"उजेड चाललाय."
"जाऊ दे."

बसले. ओठाच्या कोपऱ्यात थेंब जमत होता,
या वेळी रुमाल खिशातच राहिला.
सगळ्यात रुंद ब्रश. जांभळा, भरपूर.

मला धड सायकलसुद्धा येत नाही.
पाय उचलला.