मापाची वही

टिमकीत, सायकलच्या दुकानावरच्या माडीत
तस्लीमआपाच्या वहीत माझी मापं आहेत.
छाती, कंबर, बाही. उर्दूत,
उजवीकडून डावीकडे.
शेवटी एक बारीक फुली.

ती फुली फक्त तिला वाचता येते.
मेडिकलमधून टाके काढून आले त्या मे महिन्यात
तिनं टेप धरला, थांबली,
काही विचारलं नाही.
कूलरचा तेवढा आवाज होता.
पुढच्या मंगळवारी ब्लाऊज घातलं
तर डावीकडे आतून कापसाची घडी शिवलेली,
मऊ, बेताची,
माझ्या उरलेल्या बाजूएवढी.
शिलाई नेहमीचीच घेतली.

ओजस विचारतो, "कुठं जाऊन राह्यली?"
बावीस वर्षांचा. गाडीला झेंडा.
फोनमध्ये रात्रभर कोणीतरी ओरडत असतं.
"त्यांच्याकडंच शिवायला काऊन टाकतं?
आपले सारे मेले का?"
ग्रुपवर यादी आली आहे: फळवाला, गादीवाला, शिंपी.
पूर्वजाच्या मोबाइलचा पासवर्डही
हल्ली त्याच्याकडे असतो.
हे पेपर वाचतात. पान उलटतात.
पुन्हा तेच पान.

महालात त्यानं मला आपल्या माणसाकडे नेलं.
मास्टरनं टेप फिरवला, आकडा लिहिला,
दोन्ही बाजू सारख्याच धरून.
ओजस दारात उभा, राखणीला.
त्याची दहावी होती तेव्हा,
"गाठ काढली" एवढंच सांगितलं होतं त्याला.
आता काय सांगू,
की ज्या दुधासाठी तू घर डोक्यावर घ्यायचास
त्यातली एक बाजू ट्रेमध्ये राहिली,
आणि हे घराबाहेर एकाच बाईला ठाऊक आहे?

परवा तिला फोन केला, गच्चीवरून.
तीही कुजबुजतच बोलली.
दिराच्या पोरानं बजावलंय:
गैरांच्या बायकांचं शिवायचं नाही,
उघड्या पाठीचं तर नाहीच,
आणि सुनेचं बीएस्सी पुरे झालं.
"मशीन आतल्या खोलीत नेली, भाभी," म्हणाली,
"तिथं खिडकी नाही. सुई ओवता येत नाही."

मग बराच वेळ आम्ही दोघी
आपापल्या जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून
गप्प.

नवं ब्लाऊज डावीकडे चुरगळतं.
मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेते.
ओजसला बरं वाटतं.
म्हणतो, "आता कशी शोभतेस.
असाच घेत जा, आई."