खाऊ ओळखा

फैजपूरच्या बाहेर, केळीच्या बागांना लागून आमची प्रयोगशाळा.
बाहेर पंचेचाळीस. आत उंदरांसाठी बावीस अंश,
आणि लाइट गेली की सुपडू तडवी जनरेटरकडे पळतो
स्वतःच्या घराला आग लागल्यासारखा.

सोमवारी टोचलं.
जंतू नव्हे, जंतूच्या सालीचा नुसता चुरा,
वजनाच्या हिशेबाने, पोटात.
मेंदूला कुणी हातही लावला नाही.
तरी संध्याकाळी आठही जण कोपऱ्यात,
केस पिंजारलेले, पाठीला कुबड,
घरट्यासाठी टाकलेला कापूस तसाच.
दोन बाटल्या : एक साधी, एक साखरेची.
दोन्ही जवळपास भरलेल्या.
मी वहीत लिहिलं, गोडाची ओढ नाही.

दोघांचे मेंदू काचपट्टीवर आले.
राखणदार पेशी, एरवी
बाभळीच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या,
आता हातपाय आखडून गोळा.
चोर कधी आलाच नव्हता,
आणि अख्खं गाव काठ्या घेऊन जागं.

नेहेते सर विचारतात,
हे मॉडेल माणसाशी जुळतं किती?
मी आकडे सांगते.
प्रमिलाताई सांगत नाही.

अकरा दिवस ताप, जळगावच्या दवाखान्यात.
मग उतरला. रिपोर्ट साफ. सगळे म्हणाले, वाचली.
तेव्हापासून चहात साखर आहे का विचारलं
तर म्हणते, "असेल."
हीच ताई गुलाबाईच्या दिवसांत
गाणी संपली की डबा कानाशी धरून
एकदाच हलवायची :
"फुटाणे. आणि तळाशी खोबऱ्याचा एक तुकडा."
आमच्या गल्लीत तिच्यापुढे कुणाचा खाऊ लपला नाही.

आपण तेच करतो, सर.
कवटी बंद. बाहेरून हलवायचं, ऐकायचं,
मातीच्या गुलाबाईपुढे बसून
ही बाईच आहे असं धरून चालायचं.

सहाव्या दिवशी सुपडूने हाक मारली,
"मॅडम, चार नंबर गोड पेतोय!"
पूर्णांक एकही नाही, शून्य दशांश नऊ मिली.
एकच उंदीर. याला निष्कर्ष म्हणत नाहीत.

रात्री घरी स्टीलच्या डब्यात
हाताला लागलं ते टाकलं
आणि ताईच्या कानाशी हलवलं.
ती भिंतीकडे बघत होती.
पंखा गरम हवा फिरवत होता.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
"पुन्हा हलव."