अंगवळणी

जाळ्यांच्या गोदामावरची खोली. क्लाक्सविक. मंगळवार.
दहाला उगवलेला दिवस इथं तीनला दार ओढून घेतो,
म्हणून आम्ही दोनला जमतो, सातजण.
ओल्या लोकरीचा वास, बाहेर एकाच पट्टीतला वारा,
आणि हीटर, म्हाताऱ्या गुडघ्यासारखा कडकडणारा.

पहिल्या दिवशी आर्मगारनं दारातच विचारलं,
"यात वाकायचं किती? मला वाकता येत नाही."
म्हटलं, वाकायचं नाही. नुसती पाठ टेकायची.
"ते तर त्याहून अवघड," ती म्हणाली,
आणि कोट न काढता आत आली.

एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात उभी होती.
पट्टा सरकत यायचा: कॉड, हॅडॉक, पुन्हा कॉड.
सुरी उजव्या हातात.
मान डावीकडे, कारण मासा डावीकडून यायचा.
कारखाना बंद झाला, मासा यायचा थांबला,
मान तिथंच वाट बघत राहिली.
गोष्टी अंगवळणी पडतात म्हणतो आपण.
ते वळण मी चटईवर आडवं पडलेलं पाहिलं:
डावा खांदा कानाशी गुपित सांगायला गेलेला
आणि परतायचं विसरलेला.

मी दाबत नाही, चोळत नाही, मोडत नाही.
शिकत होते तेव्हा वाटायचं, हात म्हणजे हत्यार.
आता हात म्हणजे बाकडं;
कुणी टेकलं तर टेकलं.
नुकत्या जन्मलेल्या कोकराखाली धरावेत
तसे दोन्ही तळवे तिच्या पाठीखाली सरकवते
आणि थांबते.

"हात दे मला, आर्मगार."
"दिला की."
"नाही. तू अजून धरून ठेवलायस."
मी उचलायला जावं, त्याआधीच तो वर आलेला.
मदत करते ती.
मदत न करणं तिला कुणी शिकवलंच नाही.

पाच मंगळवार असे गेले.
सहाव्याला, तिच्याही नकळत,
हात जड झाला. ओल्या दोराच्या वेटोळ्याएवढा.
डोळे मिटूनच ती पुटपुटली,
"एवढा? एवढा मी रोज उचलत होते?"
मग श्वास पोटापर्यंत उतरला,
बराच वेळ वर आलाच नाही.

उठून बसली आणि घाबरली.
"तू मला वाकडं केलंस."
खोलीत आरसा नाही, पण तीन वाजले की खिडकीच आरसा होते.
काळ्या काचेत ती होती, दोन्ही खांदे एका रेषेत.
तिनं बघितलं. पुन्हा बघितलं.
"काच खोटी आहे," म्हणाली,
आणि पायऱ्या उतरून गेली, कठड्याला घट्ट धरून.

मी घोंगड्या घडी करत होते.
तेव्हा जाणवलं, माझे दात एकमेकांवर रुतलेत.
सगळ्यांना जबडा सैल सोडा सांगणारी मी.
कधीपासून, देव जाणे.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही.
त्यापुढच्या आली.
खुर्चीवर बसली, बुटांची नाडी न सोडता.
"हानुस जेवताना माझ्या उजवीकडे बसतो. लग्नापासून.
परवा मान आपसूक वळली.
त्याच्या कानात केस आहेत. पांढरे.
आणि कानामागं हा एवढा तीळ."
बाकीचे हसले. ती नाही हसली.
"काय बघतेस, म्हणाला.
म्हटलं, काही नाही. सूप गार होतंय."

मग नाडी सोडली,
बूट भिंतीशी नीट जोडीनं ठेवले,
चटईवर येऊन पाठ टेकली, सावकाश,
मणक्यामागून मणका, जशी भरती ओसरताना
एकेक खडक उघडा पडतो.

मी तिचा हात घ्यायला वाकले,
आणि तिनं तो, सवयीनं,
आधीच उचलून दिला.