अकरा जण

मीखाच्या समर्पणाला देवळात अकरा माणसं होती.
पाळकसाहेब उशिरा आले. सात गावांना एकच पाळक,
एकच मोटारसायकल, तीही पंक्चर.
त्यांनी विचारलं, या लेकराला विश्वासात वाढवाल काय?
मी म्हटलं होय. प्रबोध म्हणाला होय,
जिनिंगमधली रुई अजून त्याच्या भुवयांवर.
मग मंडळीला विचारलं. अकरा जण उठले.
आठ जणांनी होय म्हटलं,
दोघं खोकले,
आणि बहिऱ्या याकोबबुवांनी शेजाऱ्याला विचारलं, "काय म्हन्ते?"
सगळे खाली बसल्यावर मग
एकट्यानंच "होय" म्हणाले,
टिनावरचे पारवे उडाले एवढ्यानं.

मला वाटलं, झालं.
रजिस्टरात नाव चढलं, पोरगं आता
माझ्या एकटीच्या कडेवर नाही.

रविवार आमच्या गावचा बाजार.
मी बांगड्या-पिनांचं दुकान मांडायची
आणि मीखाला तेल चोपडून, भांग पाडून,
अर्पणाचे दोन रुपये मुठीत देऊन
शब्बाथशाळेत सोडायची,
चक्कीवर दळण ठेवतात तसं.
येताना घेऊन जाते, बाई.

हान्नाबाई शिकवायच्या. मिशन दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर.
सुया टोचलेल्या हातांनी
फ्लॅनेलच्या फळ्यावर मेंढरं चिकटवायच्या.
एकाचा पाय तुटलेला.
दरवर्षी तेच हरवायचं.

पौषात आमची टिपरी मेली.
कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले तिनं,
बांध ओलांडायच्या आत पोट फुगलं.
रात्री गोधडीतून मीखा म्हणाला,
"माय, टिपरी देवापाशी गेली का वं?"
मी दमलेली. म्हटलं, "हान्नाबाईले विचार."
बाई म्हणाल्या, "घरी आईले विचार."
मी म्हटलं, "बापाले विचार." बाप रातपाळीला.
बाप म्हणाला, "साहेब येतीन तवा पाहू."
साहेब आले, पुढच्या गावी मयत होती,
उभ्याउभ्याच डोक्यावर हात ठेवून
फार सुंदर प्रार्थना केली त्यांनी,
बकरी सोडून सगळ्यांसाठी.

तीन आठवडे तो प्रश्न
घर ते देऊळ, देऊळ ते घर हिंडला,
दावं तुटलेल्या जनावरासारखा.
कोणी म्हणेना, हे आमचं आहे.

मग मीखानं विचारणं बंद केलं.
मला बरं वाटलं. दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी कंपासपेटीत सहा रुपये सापडले.
"तू बी सांगत नाही, बाई बी सांगत नाही,
मंग मी पैसे कायले टाकू?"

बुधवारी हान्नाबाई आल्या.
पेटीत पैसे पडत नाहीत हे त्यांनीही पाहिलं होतं.
ओट्यावर बसल्या, न विचारता
सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलायला लागल्या.
"हे तुमचं काम होतं, बाई," मी म्हटलं.
"आन तुवं?"
मग बराच वेळ नुसत्या शेंगा.
"मले माहीत नाही, शलोमी," त्या म्हणाल्या.
"चाळीस वर्षं मान्सं मरताना पाह्यली.
बकऱ्याचं मले कोनी सांगतलं नाही."
"मले बी नाही माहीत."

दाराआडून त्यानं ऐकलं असणार.
येऊन मध्ये बसला.
सोलले कमी, हिरवे दाणे खाल्ले जास्त.
मग म्हणाला, "तिघं मिळून त्यालेच विचारू ना."
हान्नाबाईंनी चष्मा काढला. मी पदर डोक्यावर घेतला.
तो काय बोलला ते सगळं सांगत नाही.
टिपरीचं नाव होतं,
आणि तिला उजव्या शिंगाच्या मुळाशी
खाजवलेलं आवडते, अशी सूचना.

पुढच्या रविवारी दुकान दोन तास उशिरा मांडलं.
सहा रुपये पेटीत पडले का, मी पाहिलं नाही.
मागच्या बाकावर याकोबबुवांशेजारी जागा होती.
त्यांनी कोपरानं ढोसलं, "काय म्हन्ते?"
मी त्यांच्या कानाशी वाकले
आणि तीन पायांच्या मेंढराची गोष्ट
पहिल्यापासून, मोठ्यानं,
सांगायला लागले.