दुर्भाटची खानेसुमारी

सोयरूच्या विहिरीला सोळाव्या हातावर
गोडं पाणी लागायच्या आधी
समुद्र लागला.
काळा, गंधकाचा वास मारणारा चिखल
आणि त्यात पंजाएवढी कालवं,
अजून तोंड मिटलेली.

गोणपाटावर मी चाळणी घेऊन बसते, आर्लेट आकडे लिहिते.
खुबे दोनशे बारा. तिसऱ्या साठ.
चिखलातले शंख, निमुळते, मूठभर.
म्हणजे इथं तिवरं होती, जिथं आता सोयरूची म्हैस बसते.
दोन्ही शिंपले जोडलेले:
म्हणजे जिवंत गाडले गेले, बहुधा एका पुरात.
एका शिंपल्याला सुईनं पाडावं तसं गोल भोक.
कुणा गोगलगायीनं, पाच हजार वर्षांमागे,
जिभेनं सावकाश पोखरून
आपलं जेवण उरकलं होतं.
खुनी त्याच टोपलीत सापडली.
तिचीही नोंद केली.

मग कासवाच्या पाठीचा तुकडा, त्यावर चार खळगे.
आर्लेट म्हणाली, कुदळ लागली असेल.
मी खळग्यात बोट घातलं:
कडा जुन्या, काळवंडलेल्या.
अंतर मोजलं. दोघी जरा वेळ बोललो नाही.
पुढच्या टोपलीत दात होता.

सगळं कुठं सापडतं?
सुंगटांच्या मिशा, निवट्यांच्या उड्या,
ओहोटीला चिखल बुडबुडतो तो आवाज,
यांची शिरगणती होत नाही.
माझ्या नकाशात त्यांच्या जागी
पेन्सिलीची तुटक रेघ.

पौषाच्या अवसेला सोयरूनं बांधावर मानगें थापलं.
विहिरीचाच चिखल.
तोंडात काडक्यांचे दात,
पाठीवर खवले म्हणून शिंपले दाबले
आणि पोट एका बाजूला जरा चेपलं,
झोपून उठल्यासारखं.
मी विचारलं, एवढंच लांब कशावरून?
हात धूत म्हणाला,
"बांद राखपाक जितलें जाय, तितलें."
माझ्या वहीत ते अडीच मीटर,
अधिक-उणे तीस सेंटिमीटर.

रात्री भरतीनं मानशीच्या फळ्या कुरकुरल्या.
सकाळी शेपटी विरघळलेली,
आणि पाठीवर एक शिंपला उताणा,
त्यावर माझ्याच शाईचा आकडा: एकशे चाळीस.
माझ्या टोपलीतून कधी उचलला, कळलंच नाही.

घ्यायला वाकले.
मग तसाच ठेवला, आर्लेटला म्हटलं,
एकशे चाळीसपुढं लिही:
खवला.