नोंद बाविसावी

नाझनीन परकार वही माझ्या हातात देते,
काका, तुम्ही फक्त लिहा.
आडिवऱ्याचा सडा. अवसेनंतरची दुसरी रात्र.

तिची बॅटरी जांभळी.
तिच्यात कातळ काळाच राहतो, गवत काळंच,
विंचू मात्र हिरवा पेटतो
बंदरावरच्या दिव्यासारखा.
लिहिलं: एक. भेगेत. नर.
दोन. तीन.

सातवा सापडला कोरलेल्या माणसाच्या गुडघ्यात.
हे चित्र कुणी खोदलं ठाऊक नाही,
पर्यटकांना मी दर वेळी वेगळं सांगतो.
नाझनीन म्हणते, ह्याची जात चित्राहून फार जुनी.
पोटाखाली दोन कंगवे, त्यांनी जमीन चाचपतो.
डोळे बरेच, दिसतं बेताचं.
आणि फुप्फुसात पानं असतात,
पुस्तकासारखी, एकावर एक.

भिकाचं पुस्तक निम्म्यापर्यंत मळलेलं,
पुढची पानं करकरीत.
भाजावळीचा पातेरा भरताना हात घातला
आणि म्हणाला, दादा, इच्चू.
आधी रडलासुद्धा नाही.
मग घाम. मग हात गार,
माठाखालच्या वाळूसारखे.
भगताने दोरी बांधली. गाडी सकाळची होती.
सकाळी ओठांवर गुलाबी फेस.

हे वहीत लिहीत नाही.

एकोणीस. वीस.
मध्येच नाझनीन पाय झाडते. गोचीड.
हाही ह्यांच्याच खानदानातला, म्हणते,
आठ पायांचा चुलतभाऊ,
नारळावर डाग पाडणारा तो न दिसणारा जीवही.
आणि कोळी?
तेही.
आमच्या खालच्या वाडीतले?
ती हसते, गोचीड बाटलीत टाकते,
नाव, गाव, तारीख लावते.

बावीस. दगड उलटला.
आई पेटलेली, पाठीवर काळोखाचा ढीग.
साध्या उजेडात पाहिलं: लाल. तोच.
पाठीवर पिल्लं, भिजल्या तांदळासारखी.
अंडी घालत नाही, नाझनीन सांगते, जिवंतच जन्मतात,
पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर.
तोवर उजळत नाहीत.
अंग कडक झालं की मग.

माझ्या पायात टायरची चप्पल, जाड.
बॅटरी तिनं त्या पायावरून फिरवली,
एकदाच.

मोजा ना.

पिल्लं हलतात, आकडा चुकतो.
सव्वीस. पुन्हा. अठ्ठावीस.
एक घसरून पडतं,
आईच्या पायावरनं परत चढू लागतं,
काडीएवढ्या पायावरनं, थांबत थांबत.
ती नांगी वर धरून उभी.
ते वर पोचेपर्यंत
माझे गुडघे भरून आले.

लिहिलं: बावीस. लाल. मादी.
पिल्लं सव्वीस ते अठ्ठावीस.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.
दगड परत ठेवला, खाली पोकळी राहील असा.

उतरताना ती पुढे, मी मागे.
वाडीत एकच दिवा जागा, आमचा.
आई आता ऐंशीची.
अजून अंथरूण दोनदा झटकते,
स्वतःचं,
मग माझं.