पत्र्याला चुना

सेलूत मे महिन्यात पत्रा बोलतो,
दुपारी दोनला टण् करून, मग थांबून थांबून.

"काय करायलीस गं वर? लगीन निघालं का?"
शेजारून फातेमाभाभी.
मी ओणवी, पहाटे सहाला,
बादलीत रात्रभर विरलेला कळीचा चुना,
मूठभर मीठ, वाटीभर डिंक,
हातात झिजका कुंचा.
तीनशे चाळीस रुपये. वहीत लिहिलेत.

खालून शिवदास:
"कूलर घेऊ म्हणलं होतं ना हप्त्यावर?"
मी पुढचा पत्रा धरते.

खिडकीला बारदान, त्यावर सलाईनच्या रिकाम्या बाटलीतून
थेंब, थेंब.
ही अक्कल त्याचीच, दवाखान्यात वॉर्डबॉय आहे.
ती मात्र तो गल्लीला बोलवून दाखवतो.

रात्री पंखा पाचावरून तिनावर आणला.
खरखर खाली बसली तसं ऐकू आलं,
शिवदास झोपेत दात खातो.
बारा वर्षं झाली लग्नाला.

मीटरचा लाल ठिपका
आता दम खाऊन लुकलुकतो.

दुसऱ्या दिवशी भर दोनला वर गेले.
पत्रा गप्प.
टाकीच्या हातभर सावलीत, पांढऱ्यावर,
फातेमाभाभीचं मांजर
पोट टेकून निजलेलं.